दोर नसलेला खलाशी

मित्रांनो, मी कागदावरून अर्धाच उतरलेला, एक जुना छापील खलाशी आहे. माझी उंची सव्वा इंच. अंगात पिवळा डगला, त्यावर फुगीर जाकीट, डोक्याला टोपी. तोंड बंद छापले आहे. ओठांच्या जागी एकच काळी रेष. उजवा हात खांद्यापासून नाही. त्या हातात दोर होता. बुडणाऱ्या माणसाकडे तो दोर फेकायचा, एवढ्या एकाच कामासाठी मला बनवले होते. ते काम माझ्या हातून झाले नाही. त्याची मला लाज वाटते, आणि ती का वाटते ते मी आज क्रमाने सांगणार आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. आम्ही चौदा जण होतो. एका पातळ, पारदर्शक कागदावर आम्हाला उलटे छापले. आधी काळ्या रेषा, मग रंग, त्यावर पांढरा, आणि सर्वांत शेवटी पाठीला मेणासारखा चिकट थर. मुले आम्हाला 'ट्रान्सफर' म्हणत. आमचा कागद एका छोट्या पाकिटात घालून कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात टाकला गेला. त्याच खोक्याच्या मागच्या बाजूला आमचा समुद्र छापलेला होता. काळे खडक, दीपगृह, कललेले जहाज, रिकामी बचावनौका, उंच लाटा. माणूस मात्र एकही नाही. माणसे आम्ही होतो.

खेळ असा होता. खोका रिकामा झाला की मागचा पुठ्ठा कापायचा. त्यावर आमचा कागद ठेवायचा, ज्याला जिथे उतरवायचे तिथे नेमका धरायचा, आणि वरून आइसक्रीमच्या काडीने घासायचे. घासले की आम्ही कागद सोडून पुठ्ठ्याला चिकटत असू. ही संधी प्रत्येकाला एकदाच. चुकीच्या जागी उतरलेला माणूस पुन्हा उचलता येत नाही.

आमचा खोका इंग्लंडमधल्या फ्लीटवुड गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, टॉपिंग यांच्या घरी आला. १९७३ चा नोव्हेंबर होता. घरात तिघे जण होते. आयरीन माशांना धुरी देऊन टिकवण्याच्या कारखान्यात काम करत असे. तिची मुलगी हिलरी नऊ वर्षांची होती. आणि आयरीनचे सासरे वॉल्टर, म्हणजे हिलरीचे आजोबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे. हिलरीचे वडील ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या जहाजावर होते, तीन आठवडे समुद्रात आणि तीन दिवस घरी. या गोष्टीत जे घडले त्यातल्या कुठल्याच दिवशी ते घरी नव्हते.

आजोबांनी चाळीस वर्षे ट्रॉलरवर स्वयंपाक केला होता. सकाळची न्याहारी अजूनही तेच करत.

"इतकी वर्षं खलाशांना खायला घातलं, एकानंही कुरकुर केली नाही," ते सांगत.

"का नाही केली?" हिलरी विचारी. उत्तर तिला पाठ होते.

"पुढचं जेवणही माझ्याच हातात होतं ना."

घरातला नियम पक्का होता. शेवटचा कण संपल्याशिवाय खोक्याला कात्री लावायची नाही. पुठ्ठा कापला की आतला माल ओल धरतो, असे आयरीनचे म्हणणे. म्हणून आजोबा हिलरीसाठी युक्ती करत. सकाळी एक वाडगा कॉर्नफ्लेक्स खात आणि दुपारच्या चहाबरोबर आणखी एक. "मला आवडतात," असे म्हणत. त्यांना ते आवडत नव्हते. त्यांना बेकन आणि तळलेला पाव आवडे. पण अशा खाण्याने हिलरीचे पाच देखावे पुरे झाले होते. मालिका सहा देखाव्यांची होती, एका खोक्यामागे एक, आणि सहावा देखावा आमचा होता.

या घरावर तेव्हा एक सावट होते. गेल्या हिवाळ्यापासून आजोबा विसरू लागले होते. एकदा त्यांनी चहाची किटली ओव्हनमध्ये ठेवली. एकदा पाव आणायला गेले आणि धक्क्यावर बसून रिकाम्या हाताने परत आले. त्यांची मुलगी एड्ना प्रेस्टनला राहत असे. तिला वडिलांना आपल्याकडे न्यायचे होते. आयरीन दिवसभर कामावर जाते आणि घरात गॅस आहे, हे तिचे कारण खोटे नव्हते. आजोबांना मात्र प्रेस्टन नको होते. तिथून समुद्र दिसत नाही.

"अजून एक काही झालं ना, एड्ना, तर मग मी अडवणार नाही," असे आयरीन म्हणाली होती. हिलरीने ते ऐकले होते.

आता तो शुक्रवार. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीलगत सगळ्यांनी आपापले सहा देखावे मांडायचे ठरले होते. खोका अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता. दोन दिवसांत आजोबांनी दहा वाडगे खाल्ले असते तरी तो संपला नसता. चार वाजता हिलरी शाळेतून आली तेव्हा आजोबा शेगडीसमोर खुर्चीत झोपले होते. खुर्चीजवळ त्यांची जाळी दुरुस्त करायची पिशवी होती. शेजाऱ्यांची कोळंबीची जाळी ते अजून शिवून देत. पिशवीत त्यांची कात्री होती. कधीतरी तार कापताना तिच्या पात्याला खाच पडली होती, त्यामुळे तिने काहीही कापले की कडेला ठरावीक अंतरावर बारीक दात उमटत. ते दात घरात सगळ्यांच्या ओळखीचे होते.

हिलरीने त्या कात्रीने भरल्या खोक्याचा मागचा पुठ्ठा कापला. आतली कागदी पिशवीही कापली गेली आणि कॉर्नफ्लेक्स ओट्यावर सांडले. तिने ते ओंजळीने परत आत भरले, खोक्याची कापलेली बाजू भिंतीकडे केली आणि तो कपाटात चहाच्या डब्याशेजारी दाबून बसवला. त्या ओंजळींबरोबर कात्रीही आत गेली. ते तिच्या लक्षात आले नाही. विसरल्याचा ठपका पुढे ज्याच्यावर आला तो माणूस त्या वेळी झोपेत होता. विसरली होती नऊ वर्षांची मुलगी.

मग तिने टेबलावर आम्हाला एकेक करून उतरवले. तेरा जण नीट उतरले. मी शेवटचा. तिने मला बचावनौकेच्या टोकावर धरले, बुडणाऱ्या माणसाच्या अगदी समोर, आणि पायांपासून घासत वर आली. खांद्यापर्यंत पोचली तेवढ्यात दारात किल्ली फिरली. आयरीन त्या दिवशी लवकर आली होती. हिलरीने कागद ओढून उचलला. माझा हात कागदाबरोबर गेला, दोर हातात तसाच. मी पुठ्ठ्यावर राहिलो. तिने दोन्ही गोष्टी भूगोलाच्या वहीत घातल्या आणि वही दप्तरात.

शनिवारी सकाळी एड्ना आलेली होती. न्याहारीच्या वेळी आयरीनने कपाटातून खोका ओढला. मला वहीतून दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. आधी कॉर्नफ्लेक्स जमिनीवर पडल्याचा सरसर आवाज. मग लोखंडाचा.

"ही बाबांची कात्री," आयरीन म्हणाली.

"दिसतंय," एड्ना म्हणाली. "आणि मागचा पुठ्ठा कुठाय?"

"बाबा, पुठ्ठा कुठे ठेवलात?"

"कसला पुठ्ठा?"

"हा खोका कापलात ना तुम्ही?"

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"कात्री माझीच आहे," आजोबा म्हणाले. "म्हणजे मीच कापला असणार."

"पण भरलेला खोका कशाला कापायचा?"

"हिलरीला मागची बाजू हवी असते. तिच्यासाठी कापला असेन."

"मग दिलात का तिला?"

"दिला का ग तुला?" त्यांनी विचारले. हिलरीने मान हलवून नाही म्हटले असावे, कारण ते पुढे म्हणाले, "नाही दिला. मग कुठेतरी ठेवला."

त्यांनी तो पुठ्ठा दुपारपर्यंत शोधला. कोटाच्या खिशांत शोधला, ओव्हनमध्ये शोधला, कोळशाच्या बादलीत हात घालून शोधला. एड्ना आणि आयरीनही शोधत होत्या. खोका कापला म्हणून कोणी रागावले नव्हते. कापलेला पुठ्ठा कुठे ठेवला ते त्यांना सांगता येत नव्हते, याने त्या दोघी घाबरल्या होत्या. आणि तो पुठ्ठा मी होतो. खुर्चीला अडकवलेल्या दप्तरात, त्यांच्या हातापासून तीन फुटांवर.

मित्रांनो, पुरावा होऊन गप्प राहणे काय असते ते मला त्या सकाळी समजले. पण याहून वाईट दुसऱ्या दिवशी घडले.

रविवारी हिलरी मागच्या दाराच्या पायरीवर अभ्यासाला बसली होती. भूगोलाची वही तिच्या मांडीवर होती. आजोबा बाहेर आले आणि शेजारी टेकले. ते तिला कप्तान म्हणत.

"कप्तान, एक विचारू? खरं सांगशील?"

"हं."

"शुक्रवारी मी कात्री घेऊन कपाटाकडे गेलो, ते तू पाहिलंस का? मला काहीच आठवत नाही. खुर्चीत बसलो होतो एवढं आठवतं. त्या दोघी म्हणतायत म्हणून मी हो म्हटलं."

हिलरीची बोटे वहीच्या कडेवर होती. मला त्यांचा दाब जाणवत होता.

"पाहिलंस का?"

"हो," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो, आजोबा."

त्यांनी वहीवर हलकेच थाप मारली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. नाही तर मला वाटत राहिलं असतं की माझ्यावर उगाच आळ घेतायत."

त्यांनी स्वतःच एड्नाला होकार कळवला. गुरुवारी ते प्रेस्टनला गेले. जाताना कात्री हिलरीच्या हातात दिली. "आता तू ठेव. माझ्याजवळ असायला नको."

त्याआधी, सोमवारी, शाळेत हिलरीने पाचच देखावे मांडले होते. शेजारच्या मुलीने विचारले, "सहावा?"

"नाही मिळाला."

"मग उरलेल्या पाचांचं काय करायचं, भिंतीला चिकटवायचे?" ती मुलगी हसली. हिलरीने ते पाचही तिला देऊन टाकले.

पाच महिने मी त्या वहीत होतो. या काळात हिलरीने कॉर्नफ्लेक्सला हात लावला नाही. आयरीनला वाटले, आजोबांच्या हातची न्याहारी नाही म्हणून पोरगी रुसली आहे. तिने हिलरीला जवळ घेतले आणि आवडते जॅम आणून दिले. हिलरीने ते खाल्ले. न केलेल्या रुसव्यासाठी मिळालेले जॅम खाणे ही काय शिक्षा असते, ते तिच्या वहीत राहून मला कळले आहे.

ईस्टरच्या सुट्टीत मायलेकी बसने प्रेस्टनला गेल्या. हिलरीच्या कोटाच्या एका खिशात मी आणि माझा हात होतो, दुसऱ्यात कात्री. एड्नाचे घर स्वच्छ आणि ऊबदार होते. तिने वडिलांची दाढी केली होती आणि त्यांच्यासाठी स्वेटर विणला होता. स्वयंपाकघराच्या दाराला उंचावर नवी कडी होती. आजोबा खिडकीजवळ बसले होते. समोर विटांची भिंत होती.

"इथे मला चहासुद्धा करू देत नाहीत," ते हिलरीला म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "बरोबरच आहे त्यांचं. मी खोके कापतो."

हिलरीने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. पाच महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी पुठ्ठा आधी लांब धरला, मग जवळ.

"हा कोण? बचावनौकेवर आलाय आणि दोर नाही आणला. आमच्या जहाजावर असता तर पहिल्याच बंदरात उतरवला असता."

"दोर इथे आहे." हिलरीने पारदर्शक कागद पुढे केला.

"तिकडे कसा राहिला?"

"मी घाईत कागद उचलला. आई आली म्हणून."

"कधी?"

"त्या शुक्रवारी." मग ती थांबली नाही. "मी कापला खोका, आजोबा. तुम्ही झोपला होतात. मी तुमची कात्री घेतली."

"पण मी कापताना तू पाहिलंस. म्हणालीस तू."

"खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "आत्याला बोलाव. आईलाही."

एड्ना ओले हात पुसत आली. हिलरीने पुन्हा सगळे सांगितले. एड्नाचे डोळे भरून आले, पण वेगळ्याच कारणाने.

"बघ ग आयरीन, पोर किती माया करते. आजोबा घरी यावेत म्हणून स्वतःवर घेतेय."

हे हिलरीच्या ध्यानीमनी नव्हते. इतक्या दिवसांनी ती खरे बोलली, आणि तो तिचा चांगुलपणा ठरत होता. त्या क्षणी तिला तो घेता आला असता. तिच्या मायेखातर आजोबांना घरी आणले असते आणि तिला कौतुकही मिळाले असते. तिने दुसऱ्या खिशातून कात्री काढली आणि माझी कड आईपुढे धरली.

आयरीनने पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवले. एक दात. दोन. तीन.

"हाच तो," ती म्हणाली. "आपण हा कोळशाच्या बादलीत शोधला, एड्ना." मग मुलीकडे वळली. "आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

आयरीनने तिला मारले नाही. तिने फक्त मला टेबलावर पालथे ठेवले.

आजोबा बोलले. "किटली ओव्हनमध्ये मी ठेवली होती. ते माझं. पाव विसरलो, तेही माझं. हे माझं नाही. दोन्ही एका पिशवीत भरू नका."

एड्ना खुर्चीवर बसली. "पाच महिने मी त्यांना सुरी दिली नाही," ती म्हणाली. "चिकनसुद्धा कापून वाढलं."

"कापायचीस तेही जाड," आजोबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते फ्लीटवुडला परत आले. आयरीनने गॅसला वरून बंद करायची चावी बसवून घेतली, आणि ती कामावर असताना शेजारच्या बाई दोन वेळा डोकावून जाऊ लागल्या. एवढ्यावर भागले. एवढे नोव्हेंबरातही करता आले असते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला मान वर करून सांगितली असती.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी, आजोबांनी टेबलावरच्या नव्या खोक्याकडे पाहिले आणि चमचा थांबवला.

"आयरीन, हा मी नाही ना कापला?"

"नाही, बाबा."

"मागच्या वेळी कापला होता मी. पुठ्ठाही सापडला नाही."

हिलरीच्या कबुलीचा दिवस त्यांच्या मनातून पुसला गेला होता. आपण खोका कापला, हे मात्र राहिले होते. पाच महिने रोज उठून त्यांनी ते स्वतःला शिकवले होते, आणि ते पक्के उमटले होते. चुकीच्या जागी उमटलेले उचलता येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक?

"तुम्ही नाही कापला, आजोबा," हिलरी म्हणाली. "मी कापला. तुम्ही झोपला होतात. मग मी खोटं बोलले."

"तू?" ते चकित झाले. "आणि मी झोपलो होतो?"

"हो."

"मग ठीक." त्यांनी चमचा उचलला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्याही. हिलरीने मला कपाटाच्या दारावर आतून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, चार टाचण्यांनी लावले आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'हे हिलरीने कापले.' ते वाचत आणि तरीही विचारत. अडीच वर्षे, म्हणजे ते गेले तोपर्यंत, ती रोज न्याहारीला तेच सांगत राहिली. दरवेळी ते नव्याने चकित होत आणि दरवेळी तिला नव्याने कबूल करावे लागे. कधी तोंडात टोस्ट असताना, कधी एक हात कोटात घालत. एकदा शाळेला उशीर होत होता म्हणून ती म्हणाली, "किती वेळा सांगू? माहीत आहे ना आता." आजोबांनी चमचा खाली ठेवला. खोक्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मीच." तेव्हा ती दारातून परत आली, कोट काढला, समोर बसली आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. त्या दिवशी तिची पहिली घंटा चुकली.

आज हिलरी साठीच्या पुढे आहे. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो, कात्रीशेजारी. माझा हात अजून त्या पारदर्शक कागदावर आहे. पाठीचा चिकट थर कधीच वाळून गेला. आता कितीही घासले तरी तो उतरायचा नाही. समोर लाटेतला माणूस दोन्ही हात वर करून पन्नास वर्षे वाट पाहतो आहे, आणि मी त्याच्याकडे रिकाम्या खांद्याने पाहतो आहे.

मित्रांनो, आमच्या खेळात एक गोष्ट कागदाच्या पाकिटावरच लिहिलेली असे आणि मुले ती वाचत नसत. कागद पूर्ण उचलण्याआधी त्याचा एक कोपरा उचलून बघा. काही मागे राहिले असेल, तर कागद तिथल्या तिथे परत टेकतो आणि राहिलेले घासून घेता येते. शनिवारी सकाळी, कात्री जमिनीवर पडली तेव्हा, फक्त कोपरा उचललेला होता; तेव्हाच कोणी खरे सांगितले असते तर सगळे जागेवर बसले असते. रविवारी पायरीवरही तेवढाच. दोन्ही वेळा मी तिथेच होतो, पण माझे तोंड बंद छापलेले आहे.

तुमचे तसे नाही.